कानाची टेस्ट, ऑडिओग्राम आणि ऐकू कमी येण्याच्या पातळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट हातात पडतो, त्यावर एक आलेख असतो, गोल आणि फुल्या असतात आणि खाली 'मॉडरेट लॉस' अशी एखादी ओळ. ओपीडीच्या गर्दीत तो नीट समजावून सांगायला कोणाला वेळ होत नाही, मग घरी गेल्यावर लोक फोटो काढून पाठवतात आणि विचारतात की हे नक्की काय आहे. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केलेत. अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १२ वाचा, आणि बाळाच्या टेस्टमध्ये 'रेफर' आलं असेल तर प्रश्न १३.

१. कानाची टेस्ट म्हणजे नक्की काय करतात? दुखतं का?

अजिबात दुखत नाही. साउंडप्रूफ खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि बारीकसा 'टूं' आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं किंवा हात वर करायचा. आवाज कमी कमी करत नेतात, ऐकू येईनासा झाला की परत थोडा वाढवतात, असं करत करत तुम्हाला जेमतेम ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज शोधतात. याला प्युअर टोन ऑडिओमेट्री म्हणतात, रिपोर्टवर पीटीए लिहिलेलं असतं. साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. आवाज नक्की आला की भास झाला असं वाटलं तरी बटण दाबा, शंका आली म्हणून थांबू नका, कारण आपण शोधतोय तो आवाजच त्या काठावरचा असतो.

२. रिपोर्टवरचा आलेख कसा वाचायचा?

डावीकडून उजवीकडे जाताना आवाज जाड ते बारीक होत जातो, पेटीच्या पट्ट्यांसारखा. डावीकडे २५० हर्ट्झ आणि उजवीकडे ८००० हर्ट्झ. वरून खाली जाताना आवाज मोठा होत जातो आणि तो डेसिबलमध्ये मोजतात. म्हणजे खूण जितकी वर तितकं ऐकणं चांगलं, जितकी खाली तितकं कमी. इथे खूप जणांचा उलटा समज होतो, रेघ खाली गेलीय म्हणजे बहिरेपणा कमी झाला असं वाटतं, तसं नाही.

लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणेला खाली जाणारा बाण असेल तर मशीनच्या सगळ्यात मोठ्या आवाजालाही तिथे प्रतिसाद आला नाही. आणि शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, कान चांगले असलेल्या तरुण माणसांना सरासरी जेवढा हळू आवाज ऐकू येतो ती पातळी म्हणजे शून्य. म्हणून एखाद्याची खूण शून्याच्याही वर, उणे ५ वर असू शकते, ती टायपिंगची चूक नाही.

३. रिपोर्टमध्ये ४५ डीबी लिहिलंय, म्हणजे ४५ टक्के बहिरेपणा आहे का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि या गैरसमजानेच माणसं सगळ्यात जास्त घाबरतात किंवा उलट निष्काळजी राहतात. डेसिबल हे टक्के नाहीत. ४५ डीबी याचा अर्थ एवढाच की तुम्हाला आवाज जेमतेम ऐकू यायला तो ४५ डेसिबलपर्यंत वाढवावा लागतो. शिवाय डेसिबलची मोजणी साधी बेरजेची नसते, दर १० डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते, म्हणजे ३० आणि ६० मध्ये दुपटीचा नाही तर हजारपट ताकदीचा फरक आहे, कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. त्यामुळे '४५ म्हणजे निम्मंच गेलंय, निम्मं आहे अजून' असा हिशोब करूच नका. साधं बोलणं एक मीटरवरून ५० ते ६० डेसिबलच्या आसपास असतं, त्यामुळे ४५ वाल्या माणसाला समोर बसून बोललेलं ऐकू येईल पण कमी पडेल, आणि स्वयंपाकघरातून मारलेली हाक बहुतेक निसटेल.

टक्के दोनच ठिकाणी खरे असतात, एक स्पीच टेस्टमध्ये (प्रश्न ९) आणि दुसरं सरकारी दिव्यांग सर्टिफिकेटवर (प्रश्न २२), आणि त्या दोन्हींचा अर्थ एकमेकांपासून वेगळा आहे.

४. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे कितीला म्हणतात? दोन ठिकाणी वेगळं लिहून दिलंय.

कारण तक्ते एकापेक्षा जास्त वापरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात दिलेला तक्ता असा, चांगल्या कानाच्या सरासरीवर:

२० च्या आत नॉर्मल. २० ते ३५ माइल्ड, शांत खोलीत भागतं पण गोंगाटात अडतं. ३५ ते ५० मॉडरेट, शांत खोलीतही बोलणं निसटायला लागतं. ५० ते ६५ मॉडरेटली सिव्हिअर, मोठ्याने बोललं तर कळतं. ६५ ते ८० सिव्हिअर, कानाजवळ जोरात बोलल्यावरही अर्धवट. ८० ते ९५ प्रोफाउंड. ९५ च्या पुढे पूर्ण.

पण आपल्याकडे बऱ्याच क्लिनिकमध्ये अजून जुनी विभागणी चालते, २५ पर्यंत नॉर्मल, २६ ते ४० माइल्ड, ४१ ते ५५ मॉडरेट, ५६ ते ७० मॉडरेटली सिव्हिअर, ७१ ते ९० सिव्हिअर आणि ९१ पासून प्रोफाउंड. आता बघा, ज्याची सरासरी ३८ आहे तो एका तक्त्यात माइल्ड आणि दुसऱ्यात मॉडरेट, आणि कान तर तोच आहे. म्हणून शब्दापेक्षा आकडा लक्षात ठेवा, दोन वर्षांनी तुलना करायची वेळ आली की शब्द उपयोगी पडत नाही.

५. रिपोर्टमध्ये 'माइल्ड' लिहिलंय पण बाबांना आवाज येतो आणि शब्द कळत नाहीत, असं कसं?

हे समजावून सांगायला मी जरा जास्त जागा घेते, कारण यावरून घराघरांत भांडणं होतात, 'त्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं' असं वयस्कर माणसाला ऐकवलं जातं आणि ते खरं नसतं.

समजा बाबांच्या एका कानाचे आकडे असे आहेत: ५०० हर्ट्झला २०, १००० ला २५, २००० ला ५० आणि ४००० ला ७०. पहिल्या तिघांची सरासरी काढली तर साधारण ३२ येते, म्हणून रिपोर्टवर माइल्ड. पण ४००० धरून चौघांची सरासरी काढली की ४१ च्या वर जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तो मॉडरेट होतो. सरासरीत उजवीकडची घसरण लपून जाते.

आणि बोलण्यातला अर्थ नेमका त्या घसरणीत असतो. स्वर आणि म, न, ल यांचा जोर जाड पट्ट्यांत, म्हणून 'कोणीतरी बोलतंय' हे कळतं. स, श, फ, थ, ख हे बारीक आणि मुळातच हळू, ते निसटतात. भाजीवाला साठ म्हणतो आणि बाबांना आठ ऐकू येतं. नातवंडांचा आणि बायकांचा आवाज बारीक, म्हणून त्यांचं कमी कळतं आणि शेजारच्या काकांचं नीट कळतं. यात मुद्दाम काही नाही. अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही, ओरडल्याने स्वरच मोठे होतात. समोर या, तोंड दिसू द्या, जरा सावकाश बोला, टीव्ही बंद करा. आई नुसतं 'हो हो' म्हणत मान हलवत असेल तर तिला पुन्हा विचारायचा संकोच वाटतोय असं समजा.

६. एअर आणि बोन अशा दोन रेघा कशाला? कंडक्टिव्ह आणि सेन्सरीन्यूरल म्हणजे काय?

हेडफोनने केलेली टेस्ट म्हणजे एअर, त्यात आवाज कानाच्या भोकातून, पडद्यातून, तीन छोट्या हाडांतून आतल्या कानापर्यंत जातो. नंतर कानामागच्या हाडावर एक छोटी डबी टेकवतात, ती हाड हलवून आवाज थेट आतल्या कानात पोचवते, ती बोन. बोन नॉर्मल आणि एअर खाली असेल तर अडथळा बाहेर किंवा मध्ये आहे: मळ, पडद्याला भोक, मध्यकर्णात पाणी, किंवा हाड जखडलेलं. हा कंडक्टिव्ह लॉस, यात औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारणा व्हायची शक्यता बरीच असते. दोन्ही रेघा एकत्रच खाली असतील तर आतला कान किंवा नस, म्हणजे सेन्सरीन्यूरल, वयामुळे होतो तो हाच. दोन्ही खाली पण मध्ये अंतर, तर मिक्स्ड.

म्हणूनच 'ऑपरेशनने बरं होईल का' याचं उत्तर किती डीबी यावर नसतं, या दोन रेघांमध्ये अंतर आहे का यावर असतं. ज्या रिपोर्टमध्ये बोनची रेघच नाही, त्यावरून कानाचं मशीन (हिअरिंग एड) घेऊ नका, आधी टेस्ट पूर्ण करून घ्या.

७. चांगल्या कानात सर्रर असा आवाज का सोडला? त्यामुळे टेस्ट चुकली नाही ना?

उलट त्यानेच बरोबर आली. एका कानात मोठा आवाज दिला की तो कवटीतून दुसऱ्या कानाला पोचतो, आणि बोनच्या टेस्टमध्ये तर तो जवळजवळ तसाच दोन्हीकडे जातो. मग खराब कानाचं उत्तर चांगला कान देतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. ते होऊ नये म्हणून चांगल्या कानाला सर्रर आवाजात गुंतवून ठेवतात, याला मास्किंग म्हणतात. दोन कानांत खूप फरक आहे आणि मास्किंग केलेलंच नाही, तर तो रिपोर्ट अपुरा समजा.

८. टिंपॅनोमेट्रीत ए, बी, सी लिहिलंय. हा पण बहिरेपणाचा प्रकार का?

नाही, ही ऐकण्याची टेस्टच नाही. कानात बूच बसवून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो ते बघतात, बटण दाबायचं काही नसतं. ए म्हणजे पडदा आणि दाब ठीक. सी म्हणजे मध्यकर्णात दाब कमी, सर्दीत नाकामागची नळी बंद झाली की असं होतं. बी म्हणजे पडदा हलतच नाही, मागे पाणी साठलंय किंवा पडद्याला भोक आहे, कधीकधी मळही असतो, यातलं कुठलं ते डॉक्टर कान बघून आणि रिपोर्टवरच्या व्हॉल्यूमच्या (कानातल्या पोकळीच्या मापाच्या) आकड्यावरून सांगतात.

शाळेतल्या लहान मुलांमध्ये बी फार येतो. सतत सर्दी, तोंडाने श्वास, टीव्हीचा आवाज वाढवणं, आणि बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं. बऱ्याचदा तीनेक महिन्यांत पाणी आपोआप ओसरतं, नाहीच ओसरलं आणि ऐकू कमी येत असेल तर डॉक्टर पडद्यात छोटी नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवण्याचा विचार करतात. मुलाला हट्टी ठरवण्याआधी ही टेस्ट करा एवढीच विनंती. ए आला म्हणजे ऐकणं नॉर्मल असंही नाही, आतला कान खराब असला तरी ए येतोच.

९. स्पीच टेस्टमध्ये ७२ टक्के आले, हे चांगलं की वाईट?

या टेस्टमध्ये 'टूं' नसतो, शब्द असतात. आरामात ऐकू येईल एवढ्या आवाजात शब्द म्हणतात आणि तुम्ही परत म्हणायचे, शंभरातले किती बरोबर आले ते टक्के. म्हणजे आवाज पुरेसा मोठा करून दिल्यावर तुम्हाला किती कळतं हे ते सांगतं. दोन माणसांची सरासरी ४५ असू शकते, एकाला ९२ टक्के शब्द कळतात आणि दुसऱ्याला ४८. पहिल्याला मशीन लावलं की तो खूश होईल, दुसऱ्याला आधीच नीट सांगावं लागतं की आवाज येईल पण स्पष्टपणा तेवढा येणार नाही. ७२ म्हणजे मधलं, मशीनचा फायदा होतो, गर्दीत अडचण राहते.

शब्द तुमच्या भाषेतले हवेत. मराठी शब्दयाद्या आहेत, मागून घ्या. आयुष्यभर मराठी बोललेल्या आजींची इंग्रजी शब्दांवर टेस्ट करून कमी टक्के लिहिणं हा अन्याय आहे.

१०. दोन ठिकाणी टेस्ट केली, रिपोर्ट वेगळे आले. कुठला खरा?

५ डेसिबलचा फरक धरूच नका, तो त्याच खोलीत त्याच दिवशी परत केली तरी येतो. १० किंवा जास्त फरक आणि तोही बऱ्याच ठिकाणी, तर कारण शोधायचं. एक टेस्ट पंख्याच्या आवाजात, हॉलमध्ये झाली का (डावीकडचे जाड आवाज तिथे हमखास खराब येतात), मध्ये सर्दी झाली होती का, मळ काढला का, मशीनचं कॅलिब्रेशन वर्षभरात झालंय का. कधी आजारच वरखाली होणारा असतो, मेनियर या आतल्या कानाच्या आजारात चक्कर येते आणि जाड आवाजांचं ऐकणं कमीजास्त होतं. तिसरी टेस्ट साउंडप्रूफ खोलीत करा आणि आधीचे दोन्ही रिपोर्ट टेस्ट झाल्यानंतर दाखवा, आधी नको.

११. टेस्टला जाण्याआधी काय करायचं?

फार काही नाही. मळ असेल तर ईएनटी डॉक्टरांकडून काढून घ्या, स्वतः बडने कोरू नका, मळ अजून आत जातो. गरम तेल घालू नका, पडद्याला भोक असेल तर त्रास वाढतो. आदल्या दिवसापासून मोठ्या आवाजापासून लांब राहा (का ते प्रश्न १८ मध्ये). चालू औषधांची यादी न्या. आणि घरातलं एक माणूस बरोबर न्या, कारण कधीपासून, कुठे, कोणाचं ऐकू येत नाही हे बरोबरचा माणूस जास्त नीट सांगतो.

१२. सकाळी उठलो तर एका कानाने ऐकूच येईना. सर्दीमुळे असेल, थांबून बघू का?

थांबू नका. आज जा, फार तर उद्या.

तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं एकदम पडलं आणि ते नसेमुळे असेल तर याला सडन हिअरिंग लॉस म्हणतात आणि ही इमर्जन्सी आहे. यात स्टिरॉइड देतात, कधी गोळ्या, कधी कानाच्या पडद्यातून इंजेक्शन, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त, दोन आठवडे उलटले की फायदा खूपच कमी होत जातो. दुर्दैवाने होतं काय, कान बंद झाल्यासारखा वाटतो, दुखत नाही, म्हणून मेडिकलमधून थेंब आणून लोक आठवडा घालवतात, मग ट्रेनिंग असतं, मग लग्न असतं, आणि माझ्याकडे येतात तेव्हा महिना झालेला असतो. मला हे बघायला फार वाईट वाटतं कारण या एका बाबतीत वेळेत येणं हेच औषध असतं.

घरी एक गोष्ट करून बघता येते. तोंड मिटून लांब 'म्ऽऽऽ' करा. आवाज बंद झालेल्या कानात जास्त घुमला तर मळ, सर्दी वगैरेची शक्यता जास्त, चांगल्या कानात घुमला तर नसेची. पण यावर विसंबून घरी बसू नका, ऑडिओमेट्री करूनच घ्या. डायबिटीस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्टिरॉइडने साखर वाढते. चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा बोलणं अडखळणं बरोबर असेल तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

१३. बाळाच्या टेस्टमध्ये 'रेफर' आलं. बाळ बहिरं आहे का?

अजून तसं म्हणता येत नाही. जन्मल्यावर करतात ती ओएई चाळणी टेस्ट आहे, पास किंवा रेफर एवढंच सांगते. पहिल्या एकदोन दिवसांत कानात पाणी आणि चिकट थर असतो म्हणून बरीच चांगली बाळंसुद्धा रेफर होतात. परत टेस्ट करायची, तीही रेफर आली तर बेरा, म्हणजे आवाज दिल्यावर नसेतून मेंदूकडे संदेश जातो का ते झोपेत तपासणारी टेस्ट.

पण रडूही नका आणि सोडूनही देऊ नका. जगभर पाळतात तो नियम असा की पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी सुरू. ऐकण्यावर भाषा उभी राहते आणि मेंदूची ती वर्षं परत येत नाहीत. एनआयसीयूत राहिलेलं, कमी दिवसांचं, जास्त कावीळ झालेलं बाळ असेल, घरात कोणाला लहानपणापासून ऐकू येत नसेल किंवा आईवडील नात्यातले असतील, तर ओएई पास आली तरी बेरा करून घ्या (प्रश्न १६). खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा येतो, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या) केंद्रात चौकशी करा.

१४. थाळी वाजवली की वळून बघतो, मग कान ठीकच असतील ना? सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात.

थाळीचा आवाज खूप मोठा असतो, मॉडरेट लॉस असलेलं बाळसुद्धा त्याला वळतं. शिवाय हात हललेला दिसतो, हवा लागते, जमीन थरथरते. दार आपटल्यावर दचकतो यावरून एवढंच कळतं की सगळंच गेलेलं नाही, 'स' ऐकू येतो की नाही ते कळत नाही. 'याचे बाबा पण तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते' हे मी खूप ऐकलंय, आणि कधी ते खरंही असतं, पण टेस्ट केल्याने काही बिघडत नाही, न केल्याने वर्ष जातं. वर्षाचं झालं तरी एक शब्द नाही, किंवा आधी आवाज काढायचं आणि आता गप्प झालंय, तर लगेच या. सासूबाईंना बरोबर घेऊन या, समोर टेस्ट बघितली की त्याच पुढे थेरपीला सगळ्यात जास्त मदत करतात.

१५. बेरा टेस्टला झोपेचं औषध देतात, ते सुरक्षित आहे का? आणि '९० ला नो रिस्पॉन्स' म्हणजे काहीच ऐकू येत नाही का?

बाळ हललं की नोंद बिघडते म्हणून झोप लागते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ दूध पाजून नैसर्गिक झोपेत होऊन जातं, सकाळी लवकर उठवा, येताना गाडीत झोपू देऊ नका. मोठ्या मुलाला डॉक्टर वजनावरून सिरप देतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं, घरून पाजून आणायचं नाही, आणि फिट्स, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी सांगायचं.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. साधी क्लिक बेरा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झ या भागाबद्दल सांगते. तिथे ९० ला काही आलं नाही तरी जाड आवाजांचं ऐकणं शिल्लक असू शकतं. म्हणून टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर करून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचा अंदाज घेतात, आणि मूल मोठं झालं की खेळत खेळत खरी ऑडिओमेट्री, म्हणजे आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, अडीच-तीन वर्षांची मुलं छान करतात. एका बेरावर शेवटचा निर्णय नसतो.

१६. ओएई पास आणि बेरा खराब, असं कसं होऊ शकतं?

होतं. ओएई आतल्या कानातल्या बाहेरच्या केसपेशी तपासते, पुढे नसेतून मेंदूकडे संदेश नीट जातो का ते नाही. पेशी चालू पण संदेशच विस्कळीत, याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात, जास्त कावीळ झालेल्या आणि कमी दिवसांच्या बाळांत ही जास्त दिसते. यात ऑडिओग्रामचा आकडा आणि प्रत्यक्ष कळणं यांचा मेळ बसत नाही, मुलाला आवाज ऐकू येतो पण बोलणं समजत नाही, त्यामुळे प्रश्न ४ मधला तक्ता इथे फारसा कामाचा नाही. अनुभवी टीमकडे जा, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजातही सोय असते.

१७. एक कान पूर्ण चांगला आहे, दुसऱ्याने कमी येतं. काही करायची गरज आहे का?

कारण शोधायची गरज नक्की आहे. मोठ्या माणसात नसेचा लॉस एकाच बाजूला असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला. बहुतेकांना ती नसते, पण बघणं टाळू नका. रोजच्या जगण्यात दिशा कळत नाही, मागून येणारी रिक्षा कुठल्या बाजूने येतेय ते कळत नाही, गर्दीत दमायला होतं. मूल असेल तर चांगला कान बाईंकडे येईल असं पुढे बसवा.

१८. ढोल-ताशा पथकात आहे, सरावानंतर कानात शिट्टी वाजते आणि सकाळी बरं वाटतं. टेस्ट करू का?

करा. शिट्टी वाजणं आणि कान बधिर होणं म्हणजे आतल्या पेशी दमल्या, सकाळी त्या सावरतात, पण दर वेळी पूर्ण सावरतीलच असं नाही. साधारण हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध किंवा डीजेच्या भिंतीसमोर १०० सहज ओलांडतात. ऑडिओग्रामवर याची खूण ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखी दिसते, सरासरी मात्र नॉर्मल असते, म्हणून रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलेलं असलं तरी तो खड्डा बघा. कंपनीत प्रेसवर, लूमवर काम करणाऱ्यांनाही हेच.

टेस्ट सरावानंतर लगेच नको, मधे किमान १६ तास शांत जाऊ द्या, नाहीतर तात्पुरता थकवा कायमचा म्हणून नोंदला जाईल. कापसाचे बोळे फार कमी आवाज अडवतात, फोमचे इअरप्लग नीट पिळून आत बसवा. वाजवणं सोडा असं मी सांगणार नाही, प्लग घालून वाजवा.

१९. टेस्ट पूर्ण नॉर्मल आली, तरी हॉटेलात किंवा मीटिंगमध्ये कळत नाही. मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. साधी टेस्ट शांत खोलीत, एकेक 'टूं' देऊन होते, गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याचं काम ती तपासत नाही. स्पीच इन नॉइज टेस्ट मागा, ८००० च्या वरच्या फ्रिक्वेन्सीची टेस्ट होत असेल तर तीही. झोप, ताण, मुलांमध्ये लक्ष आणि भाषेच्या अडचणी हेही बघावं लागतं.

२०. मोबाईल ॲपवर किंवा मोफत शिबिरात टेस्ट केली तर चालेल?

चाळणी म्हणून चालेल. जागतिक आरोग्य संघटनेचं हिअर-डब्ल्यूएचओ नावाचं मोफत ॲप आहे, त्यात गोंगाटात आकडे ऐकून टाइप करायचे असतात, शंका आली की पुढे जायचं. पण ॲपच्या आकड्यावर मशीन घेऊ नका. शिबिरात दोन गोष्टी बघा, रिपोर्टवर ऑडिओलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक आहे का, आणि 'आजच घेतलं तर सूट' असा आग्रह होतोय का. होत असेल तर रिपोर्ट घ्या आणि घरी या.

२१. किती डेसिबलला मशीन लागतंच?

एकच आकडा नाही. ३५ च्या पुढे बहुतेकांना फायदा होतो, पण शाळेतल्या मुलाला २५-३० ला सुद्धा लागू शकतं कारण ते भाषा शिकतंय, आणि घरात शांत राहणारे आजोबा ४० ला नको म्हणू शकतात. कंडक्टिव्ह असेल तर आधी उपचार. ८० च्या पुढे आणि चांगल्या मशीननेही शब्द कळत नसतील तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा) विचार, लहान मुलांत तो जितका लवकर तितका चांगला. दोन्ही कानांत लॉस असेल तर शक्यतो दोन्हीकडे मशीन. परवडत नसेल तर केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे 'साउंड ॲम्प्लिफायर' हे हिअरिंग एड नाहीत, ते सगळेच आवाज सरसकट वाढवतात, तुमच्या आलेखाप्रमाणे सेट होत नाहीत.

२२. दिव्यांग सर्टिफिकेटसाठी किती लॉस लागतो? एका कानाने काहीच ऐकू येत नाही तर मिळेल का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल लॉस म्हणजे कर्णबधिर आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारी व्यक्ती. नोकरीतलं आरक्षण वगैरे बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के लागतात, आणि हे ४० टक्के म्हणजे ४० डेसिबल नाही, इथे खूप जण फसतात.

५००, १०००, २००० आणि ४००० ची सरासरी काढतात, सरकारी तक्त्यातून प्रत्येक कानाचे टक्के काढतात, मग चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणून त्यात खराब कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. म्हणजे एक कान शून्य टक्के आणि दुसरा शंभर टक्के, तर उत्तर १७ च्या आत. म्हणून एका कानाच्या बहिरेपणाला ४० होत नाहीत, कितीही त्रास असला तरी. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, नंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते, तिथे बेराही करायला लावतात. मुद्दाम बटण न दाबल्याने टक्के वाढत नाहीत, शब्दांची टेस्ट आणि 'टूं'ची टेस्ट यांचा मेळ बसला नाही की लगेच कळतं.

२३. परत टेस्ट कधी करायची?

साठीनंतर लॉस असेल तर वर्षातून एकदा, मोठ्या आवाजात काम असेल तरीही वर्षातून एकदा, मशीन लावलेल्या लहान मुलांची पहिल्या वर्षांत दर तीनेक महिन्यांनी. अमिकासिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं किंवा कॅन्सरचं सिस्प्लॅटिन सुरू होणार असेल तर पहिल्या डोसच्या आधी एक टेस्ट करून ठेवा आणि उपचार चालू असताना पुन्हा करा. ही औषधं आधी सगळ्यात बारीक आवाज नेतात, जे रोजच्या बोलण्यात लक्षात येत नाही, टेस्टमध्ये मात्र लवकर दिसतं आणि डॉक्टरांना डोस किंवा औषध बदलता येतं का ते बघायला वेळ मिळतो. प्रत्येक वेळी जुने सगळे रिपोर्ट बरोबर आणा, आणि कागद पिवळा पडायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची छपाई वर्षा-दोन वर्षांत पुसट होते.